शेतावरच्या घरासाठी उपग्रह इंटरनेट : कंपनी ठरवण्याआधी जागा मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचे आईवडील निवृत्तीनंतर इंदूर सोडून चोरळच्या अलीकडे, खंडवा रस्त्यापासून चार किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीतल्या शेतावर राहायला गेले आहेत. स्वतः प्रश्नकर्ते पुण्यातील एका कंपनीचे काम घरून करतात आणि महिन्यातले पंधरा दिवस आईवडिलांजवळ राहू इच्छितात. वडिलांना दर आठवड्याला डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलावे लागते. मोबाइलला गच्चीच्या एका कोपऱ्यात एखाददुसरी काडी येते, घरात काहीच येत नाही. उपग्रह इंटरनेट कोणत्या कंपनीचे घ्यावे, स्टारलिंकसाठी थांबावे का, आणि एक एजंट ‘आपला नंबर आधी लावतो’ म्हणून पाच हजार रुपये आगाऊ मागतो आहे, ते द्यावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण त्यात पैसे अडकण्याची भीती आहे : देऊ नयेत. कारण पुढे सांगतो.

मी इंदूरमध्ये राहून चोवीस वर्षे याच क्षेत्रात काम करतो आहे. त्यातली पहिली बारा वर्षे धार, झाबुआ, अलीराजपूर आणि खरगोन या जिल्ह्यांतल्या बँकांच्या शाखा आणि एटीएमसाठी व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहाशी थेट जोडणाऱ्या लहान, डिश बसवण्यात आणि बिघडलेल्या डिश दुरुस्त करण्यात गेली. अलीकडे शेतघरे, आश्रमशाळा आणि लहान दवाखाने यांची कामे अधिक असतात. या काळात एक गोष्ट इतक्या वेळा पाहिली की आता कोणी ‘कंपनी कोणती घ्यावी’ असे विचारले की मी आधी घर कुठे आहे, त्याच्या दक्षिणेला काय आहे आणि वीज कोणत्या फिडरवरून, म्हणजे विजेच्या कोणत्या मुख्य वाहिनीवरून, येते, एवढेच विचारतो. शेतावरच्या घराची जोडणी फसते ती बहुतेक वेळा कंपनीमुळे नव्हे, तर न पाहिलेल्या जागेमुळे.

आपल्या प्रश्नात खरे तर दोन वेगळ्या गरजा एकत्र आल्या आहेत. आपल्या नोकरीला दिवसाचे आठ तास चांगला वेग आणि कमीत कमी विलंब हवा आहे. पण तो महिन्यातले पंधराच दिवस. आईवडिलांना मात्र वेग फारसा नको, त्यांना रात्री-अपरात्री फोन लागला पाहिजे आणि पावसाळ्यातही लागला पाहिजे. पहिल्या गरजेची किंमत रुपयांत मोजता येते, दुसरीची येत नाही. म्हणून एकाच महागड्या जोडणीवर दोन्ही भार टाकण्यापेक्षा, दुसरी गरज आधी स्वस्त आणि भरवशाच्या मार्गाने भागवावी आणि मग पहिलीचा विचार करावा, असे माझे मत आहे.

त्यासाठी उपग्रहाकडे वळण्यापूर्वी जमिनीवरचे मार्ग खरोखर संपले आहेत का, ते पाहावे लागेल. गच्चीच्या कोपऱ्यात एखादी काडी येते, हे वाक्य माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. घराच्या भिंती आणि पत्रा यांच्या आत जो सिग्नल शून्य असतो, तोच वीस फूट उंच पाइपावर बाहेरचा अँटेना लावला की वापरण्याजोगा होऊ शकतो. काड्यांवर मात्र विसंबू नये. प्रत्येक फोन काड्या आपल्या मर्जीने दाखवतो. फोनमध्ये नेटवर्क मोजणारे एखादे ॲप घालून आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन आकडे पाहावेत. पहिला सिग्नलची ताकद सांगतो आणि तो उणे असतो : उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०५ च्या खाली गेला तर दुबळा आणि उणे ११५ च्या पलीकडे गेला तर बाहेरच्या अँटेनानेही फार आशा नाही. दुसरा आकडा सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगतो, आणि माझ्या अनुभवात खरा निकाल तोच लावतो. तो दहाच्या वर असेल तर ताकद कमी असूनही व्हिडिओ कॉल नीट चालतो. शून्याजवळ असेल तर भरपूर काड्या असूनही चालत नाही.

ही मोजणी जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएल या चारही कंपन्यांच्या सिमवर, सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री नऊला करावी, आणि ती गच्चीच्या चारही कोपऱ्यांत करावी. सिम्रोल उतरून घाटात शिरल्यावर चोरळकडे जो भूभाग लागतो, तिथे शंभर पावलांवर चित्र बदलते, कारण टॉवर आणि घर यांच्यामध्ये कधी टेकडीचा खांदा येतो आणि कधी येत नाही. ७०० आणि ८५० मेगाहर्ट्झचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, टेकडीच्या आडून थोडेफार वळून येतात, २३०० चा बँड तसा येत नाही. म्हणून एका कंपनीचा फोन मुका आणि दुसरीचा बोलका, असे एकाच गच्चीवर घडते. आकडे बरे निघाले तर बाहेर बसवायचा फोरजी राऊटर आणि एका दिशेला रोखलेला अँटेना एवढ्यावर आईवडिलांची गरज पूर्ण भागते आणि बहुधा आपलीही अर्धी भागते. असा राऊटर दहा-बारा वॅटच वीज घेतो, हा त्याचा फार मोठा गुण आहे.

इथे एक छोटी सोय आवर्जून सांगतो. घरात वाय-फाय आले की आईवडिलांच्या फोनमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करून द्यावे. मग मोबाइलचा सिग्नल घरात नसला तरी नेहमीच्या नंबरवर नेहमीसारखा फोन येतो आणि जातो. त्यांना कोणतेही नवे ॲप शिकावे लागत नाही. शेतावर राहणाऱ्या वृद्ध माणसांसाठी वेगापेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची आहे.

दुसरा मार्ग फायबरचा. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची, म्हणजे सरकारच्या ग्रामीण इंटरनेट योजनेची, तार आली असेल आणि ती खरोखर चालू असेल, किंवा रस्त्यालगतच्या गावात स्थानिक इंटरनेट सेवा असेल, तर तिथून आपल्या गच्चीपर्यंत रेडिओ लिंक, म्हणजे दोन अँटेनांमधली बिनतारी जोडणी, टाकता येते. चार-सहा किलोमीटरचे अंतर या यंत्रांना सहज पेलते. अट एकच : दोन्ही टोकांनी एकमेकांना डोळ्यांनी पाहता आले पाहिजे, मध्ये झाड किंवा टेकडी चालत नाही. खोऱ्यातल्या घराला ही अट जड जाते, पण आपल्याच शेताचा वरचा बांध जर रस्त्याकडे उघडा असेल, तर तिथे खांब उभा करून तिथून घरापर्यंत तार आणता येते. हे काम परवाना असलेल्या सेवादारामार्फतच करून घ्यावे. ओळखीच्याच्या घरातली जोडणी परस्पर उचलून आणू नये.

हे दोन्ही मार्ग तपासून बंद निघाले, तर मग उपग्रह. आता इथे ‘कंपनी कोणती’ याच्या आधी ‘उपग्रह किती उंचीवर’ हे समजून घ्यावे लागते, कारण बाकी पुष्कळ गोष्टी त्यावरून ठरतात.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आपल्याला आकाशात एकाच जागी खिळलेले दिसतात. आपला शब्द वर जायचा, खाली हबपर्यंत, म्हणजे कंपनीच्या जमिनीवरच्या केंद्रापर्यंत, यायचा, उत्तर पुन्हा वर जायचे आणि आपल्यापर्यंत खाली यायचे, अशा चार फेऱ्या होतात. प्रकाशाच्या वेगानेही त्यांना सुमारे ४८० मिलिसेकंद लागतात आणि यंत्रांचा वेळ धरून प्रत्यक्षात ६०० च्या पुढे आकडा जातो. आमच्या कामात याला लेटन्सी म्हणतात. ती कितीही महाग प्लॅन घेतला तरी कमी होत नाही, कारण ती अंतराची आहे, वेगाची नाही. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ४८० ते ५५० किलोमीटरवर आणि वनवेबचे सुमारे १,२०० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे तिथे हाच विलंब शंभर मिलिसेकंदांच्या आत येतो आणि फायबरच्या जवळपासचा अनुभव मिळतो.

हा फरक कागदावर लहान वाटतो, बैठकीत बसल्यावर कळतो. भूस्थिर जोडणीवर आपण वाक्य संपवतो, समोरच्याला ते पाव सेकंदाहून अधिक उशिरा पोचते, त्याला वाटते आपण थांबलो आहोत, तो बोलू लागतो आणि त्याच क्षणी आपण पुढचे वाक्य सुरू केलेले असते. दोघांच्या डॉक्टरभेटीत हे सांभाळून घेता येते. आठ जणांच्या बैठकीत दिवसभर सांभाळणे थकवणारे असते. त्याहून महत्त्वाची अडचण व्हीपीएनची, म्हणजे कार्यालयाच्या यंत्रणेशी जोडणाऱ्या सुरक्षित मार्गाची, आहे. भूस्थिर जोडणीतला मोडेम आणि हब मिळून, पलीकडून पोच येण्याची वाट न पाहता माहिती पुढे ढकलत राहण्याची एक युक्ती करतात आणि त्यामुळे साधी संकेतस्थळे बऱ्यापैकी वेगाने उघडतात. व्हीपीएनमध्ये सगळी माहिती कुलूपबंद असते, त्यामुळे मोडेमला आत काय आहे ते दिसत नाही आणि ही युक्ती लागू पडत नाही. वीस एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही कार्यालयाची फाइल रांगत का उघडते, हे मला अनेकांनी विचारले आहे. बहुतेक ठिकाणी कारण हेच निघाले. आपले काम दिवसभर व्हीपीएनवर असेल, तर भूस्थिर जोडणी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. काम ईमेल, कागदपत्रे आणि दिवसातून एखाद्या कॉलचे असेल, तर ती चालेल.

आता भारतातली स्थिती. भूस्थिर व्हीसॅट सेवेत ह्यूज कम्युनिकेशन्स इंडिया आणि टाटा समूहातील नेल्को ही जुनी, परिचित नावे आहेत. ह्यूजची अधिक वेगाची सेवा सप्टेंबर २०२२ मध्ये इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ या उपग्रहांवर सुरू झाली. या सेवांचे मुख्य गिऱ्हाईक बँका, पेट्रोल पंप, खाणी आणि सरकारी कार्यालये हे आहे; त्यामुळे दर आणि करार त्याच मापाने ठरलेले असतात आणि एकट्या घराला ते जड वाटतात. वनवेबचे ७२ उपग्रह इस्रोने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटने सोडले. तिचाही रोख घरगुती ग्राहकापेक्षा संस्था, सैन्य आणि दूरसंचार कंपन्या यांच्याकडे आहे. जिओने एसईएस या कंपनीबरोबर निवडलेला मार्ग मधल्या उंचीचा, सुमारे ८,००० किलोमीटरचा आहे. घरगुती ग्राहकाला समोर ठेवून आखलेली सेवा म्हणजे स्टारलिंक. तिला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये आणि इन-स्पेस या अंतराळ क्षेत्रातल्या खासगी कंपन्यांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची मान्यता जुलै २०२५ मध्ये मिळाली. एअरटेल आणि जिओ या दोघांनीही मार्च २०२५ मध्येच तिच्याशी वितरणाचे करार जाहीर केले होते.

पण परवाना मिळणे आणि आपल्या पत्त्यावर जोडणी मिळणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मध्ये स्पेक्ट्रमचे वाटप, सुरक्षेच्या चाचण्या आणि जमिनीवरची केंद्रे हे टप्पे असतात. म्हणूनच एजंटाला पैसे देऊ नयेत. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आपला पत्ता टाकल्यावर नोंदणी स्वीकारली गेली, दर दिसला आणि ओळखपत्राची प्रक्रिया सुरू झाली, तरच सेवा सुरू आहे असे समजावे. रांगेत पुढे घुसवण्याचा अधिकार कोणत्याही एजंटाकडे नसतो. २०२१ मध्ये स्टारलिंकसाठी परवान्यापूर्वीच नोंदणीचे पैसे घेतले गेले होते, तेव्हा सरकारला जाहीर सूचना काढून लोकांना सावध करावे लागले आणि कंपनीला ते पैसे परत करावे लागले. तसेच दुबईहून किंवा अमेरिकेहून कोणी नातेवाईक यंत्र आणून देतो म्हणाला, तर नम्रपणे नकार द्यावा. परवानाधारक सेवादाराकडून, ओळखीची कागदपत्रे देऊन घेतलेलेच उपकरण इथे कायदेशीर ठरते. सामानातून आणलेले यंत्र चालणार नाहीच, शिवाय वडीलधाऱ्यांच्या दारात चौकशी येईल.

दर पाहताना महिन्याच्या आकड्यापेक्षा ‘इतक्या जीबीनंतर वेग कमी होईल’ ही ओळ आधी वाचावी. व्हिडिओ कॉल तासाला ढोबळमानाने एक जीबी खातो. आपले दिवसाला चार तास कॉल आणि महिन्यात अकरा कामाचे दिवस धरले, तर चव्वेचाळीस जीबी तिथेच गेले. त्यात कोणी संध्याकाळी चांगल्या दर्जाचा चित्रपट लावला, की तासाला तीन जीबीपर्यंत जातात आणि पन्नास जीबीचा प्लॅन महिना संपण्याच्या आत दम तोडतो. टीव्ही डीटीएचवरच ठेवावा. तोही उपग्रहावरूनच येतो आणि त्याचा डेटा मोजला जात नाही. लॅपटॉप आणि फोनची अपडेट आपण शहरात परतल्यावर तिथल्या फायबरवर करून आणावीत.

यानंतर मी ज्याला जागा मोजणे म्हणतो ते काम येते, आणि यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात.

भूस्थिर उपग्रहासाठी आपल्याला दक्षिणेच्या आकाशाचा एक लहानसा तुकडा मोकळा हवा असतो. जीसॅट-११ हा ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि इंदूर ७५.८६ अंशांवर, म्हणजे तो जवळजवळ थेट दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६३ अंश उंच दिसतो. हिशेब सोपा आहे : दक्षिणेकडचे झाड डिशपेक्षा जितके उंच असेल, त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक अंतर सोडले की पुरते. जवळून फिरणाऱ्या उपग्रहांचे तसे नाही. ते आकाशभर सरकत असतात, म्हणून चपट्या अँटेनाला चहूबाजूंनी रुंद आकाश लागते आणि झाड जितके उंच, त्याच्या दीडपट ते दुप्पट अंतर सोडावे लागते. खोऱ्यात टेकडीही झाडासारखीच मोजायची. स्टारलिंकच्या ॲपमध्ये फोनचा कॅमेरा आकाशभर फिरवून अडथळे पाहण्याची सोय आहे. यंत्र विकत घेण्याआधी ते जरूर करावे.

ही तपासणी कोणत्या महिन्यात केली, यालाही महत्त्व आहे. मानपूरच्या बाजूला एका शेतघरात एप्रिलमध्ये डिश बसवली गेली. समोर सागवान होते, पण त्या दिवसांत सागाच्या फांद्यांवर पान नसते, त्यामुळे सिग्नल उत्तम मिळाला आणि बसवणारे समाधानाने परतले. जुलैमध्ये सागाला हातभर रुंद पाने फुटली, ती पावसाने भिजली आणि जोडणी पूर्ण बंद पडली. घरमालकांनी महिनाभर कंपनीला दोष दिला, मोडेम बदलून घेतला, आणि मला बोलावले तेव्हा काम फक्त डिश बारा फूट बाजूला सरकवण्याचे होते. चोरळचा परिसर सागाचाच आहे. उन्हाळ्यात जागा निवडत असाल तर झाडे पानांनी भरलेली आहेत असे मानूनच निवडा.

दुसरी गोष्ट माळव्याच्या काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत दोन फूट खड्डा करून रोवलेला खांब वर्षभरात कलतो. पाऊण मीटरच्या डिशचा झोत दोन-अडीच अंशांचाच असतो, त्यामुळे खांब एक-दीड अंश कलला तरी सिग्नल पडतो. शक्यतो डिश घराच्या स्लॅबवर किंवा भिंतीच्या मजबूत ब्रॅकेटवर बसवावी. जमिनीतच खांब हवा असेल तर मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीट भरावे. चपटा अँटेना उपग्रहाचा माग स्वतः ठेवतो, म्हणून त्याला एवढी काटेकोर बैठक लागत नाही, पण वारा आणि वानरे यांना तोंड देण्याइतकी घट्ट ती हवीच. केबल पाइपातून न्यावी, खारी ती कुरतडतात.

पावसाबद्दल लोकांच्या मनात अतिरेकी भीती किंवा अतिरेकी भरवसा असतो. झिमझिम पावसाने आणि धुक्याने काही होत नाही. वीज कडाडून मुसळधार सर येते, तेव्हा केयू बँडची (व्हीसॅट आणि डीटीएचसाठी नेहमी वापरतात त्या लहरींची) जोडणी पाच-दहा मिनिटे जाऊ शकते आणि सर ओसरली की आपोआप परत येते. केए बँडवर, म्हणजे त्याहून अधिक वारंवारतेच्या लहरींवर, हा परिणाम आणखी तीव्र असतो. कधी कधी आपल्याकडे स्वच्छ ऊन असूनही जोडणी जाते, कारण पाऊस दूरच्या शहरातल्या हबवर पडत असतो. धार जिल्ह्यातल्या मनावर गावाजवळच्या एका बँकशाखेत मी कोरड्या आकाशाखाली दोन तास डिश फिरवत बसलो होतो आणि दोष तिथे नव्हताच. तेव्हापासून डिशला हात लावण्याआधी मी हबला फोन करतो. भूस्थिर जोडणीत मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, दुपारी साडेबाराच्या आसपास, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटे सिग्नल बुडतो. तो बिघाड नसतो.

विजेचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. आपल्या शेतावरचे मीटर गावाच्या घरगुती फिडरवर आहे की शेतीच्या, हे आधी पाहावे. मध्य प्रदेशात शेतीच्या फिडरला दिवसाला दहा तास वीज देण्याची पद्धत आहे, म्हणजे उरलेले चौदा तास इंटरनेट इन्व्हर्टरवर चालवावे लागेल. स्टारलिंकचा नेहमीचा संच ७५ ते १०० वॅट घेतो. दिवसरात्र चालू ठेवला तर रोज सुमारे दोन युनिट. घरात नेहमी असते तशी १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर राऊटरसह तो दहा-बारा तास चालेल, पण त्याच बॅटरीवर दोन पंखे लावले की निम्मेच तास मिळतील. त्यामुळे इंटरनेटसाठी वेगळी बॅटरी आणि शक्य असल्यास एक-दोन सौर पॅनेल यांचा खर्च जोडणीच्या खर्चातच धरावा. त्याच कंपनीचा लहान संच यापेक्षा पुष्कळ कमी वीज घेतो.

अर्थिंगवर मात्र काटकसर करू नये. व्हीसॅट बसवताना आम्ही न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजतो आणि तो दोन व्होल्टच्या आत आल्याशिवाय मोडेमला वीज देत नाही. शेतावर तो मला दहा-पंधराही आढळला आहे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावे लागते. जून महिन्यातल्या पहिल्या विजांमध्ये जळलेले मोडेम मी जितके पाहिले, तितके इतर कोणत्याही कारणाने जळलेले पाहिले नाहीत.

थोडक्यात, इथवरचा क्रम असा झाला : आधी मोबाइलचे आकडे, मग रस्त्याकडची दृष्टिरेषा, मग कामाला विलंब किती चालतो ते, मग आकाश आणि वीज. इतके झाल्यावर कंपन्यांपैकी निवडायला बहुधा एक किंवा दोनच उरतात, आणि त्यांना विचारायचे प्रश्नही नेमके होतात. बिघाड झाल्यास माणूस कुठून येणार, इंदूरहून की भोपाळहून, आणि किती दिवसांत? यंत्र आपल्या मालकीचे की भाड्याचे, आणि वॉरंटी संपल्यावर ते बदलायला किती लागतील? आपण नसताना पंधरा दिवस सेवा थांबवता येते का? संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत किमान वेग किती मिळेल, हे लिहून देता का? या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा विक्रेता मला क्वचित भेटला आहे, पण तो जे टाळतो त्यावरूनही पुष्कळ कळते. उपग्रहाचा एक झोत मोठ्या भूभागात वाटला जातो आणि आपला भाग इंदूरपासून फार दूर नाही, म्हणून संध्याकाळची गर्दी आपल्यालाही जाणवू शकते. शेतावर कॅमेरे लावणार असाल तर हेही ध्यानात ठेवावे की मोबाइल आणि उपग्रह या दोन्ही जोडण्यांवर घराला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे बाहेरून इंटरनेटवर थेट पोचता येईल असा क्रमांक, सहसा मिळत नाही. त्यामुळे कंपनीच्या सर्व्हरमार्फत दिसणारे कॅमेरेच घ्यावेत.

आपल्या जागी मी असतो, तर या शनिवार-रविवारी चार सिम घेऊन गच्चीवर गेलो असतो, आणि आकडे थोडेही बरे निघाले तर बाहेरचा फोरजी राऊटर, अँटेना आणि त्याला पुरेशी लहान बॅटरी एवढे आधी बसवून आईवडिलांचा फोन चालू करून दिला असता. स्टारलिंकची नोंदणी आपल्या पत्त्यावर स्वीकारली जात असेल आणि घराभोवतीचे आकाश ॲपमध्ये मोकळे दिसत असेल, तर आपल्या नोकरीसाठी ती दुसरी जोडणी म्हणून घेतली असती, आणि नोंदणी होत नसेल तर केवळ थांबायचे नाही म्हणून तीन वर्षांचा भूस्थिर करार केला नसता. भूस्थिर जोडणी मी तेव्हाच निवडली असती, जेव्हा चारही सिमचे आकडे उणे ११५ च्या पलीकडे असतील आणि वडिलांची डॉक्टरभेट दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नसेल.

गच्चीवरचे तीन वेळचे आकडे, घराच्या दक्षिणेकडचा एक फोटो आणि वीजबिलावरचा फिडरचा प्रकार इथे लिहिलात, तर खांब कुठे आणि किती उंच उभा करावा, हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.